छापील किमतीच्या वर

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. आधी खाली बस, मग पुढचं वाच. भाऊजी जवळ असतील तर त्यांनाही बसव.

मी गाडी घेतोय. शिकवायची नव्हे, माझी. ड्रायव्हिंग स्कूल विकून टाकलं, पाटीसकट. इतकी वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याची गाडी थांबवत आलो. पायाखालचा जादा ब्रेक माझा, पण स्टिअरिंग आज कॉलेजातल्या पोराच्या हातात, तर उद्या साठीच्या बाईंच्या. वेग म्हणशील तर फुटपाथवरून चालणारा माणूस पुढे जाऊन आमच्याकडे वळून बघायचा. आता मला अशी गाडी हवी की जिच्यात ब्रेक एकच असेल आणि त्यावर पाय माझा असेल. स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा, गडद हिरवी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. आत शिरायला आधी वाकावं लागतं आणि मग पडावं लागतं. मी पडून आलो. उठवतच नव्हतं, आणि ते काही गुडघ्यांमुळे नव्हे.

घाई का, तेही सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. काचबिंदू निघाला. त्यांनी एका पांढऱ्या यंत्रात तोंड घालायला लावलं. आत कुठेतरी बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. समोरचे सगळे दाबले. कडेचे म्हणे कितीतरी लागून विझले, मला पत्ताच नाही. समोर स्वच्छ दिसतं गं, कडेचं हळूहळू जातंय. डॉक्टर म्हणाले, दिवसाउजेडी वर्षभर गाडी चालवा, पुढच्या तपासणीला लायसन्सच्या कागदावर मी सही करीन असं धरून चालू नका. म्हणजे माझ्या हातात एक वर्ष आहे.

आता खरी गोम. शोरूममध्ये ही गाडी एकच आहे. पुढची खेप सव्वा वर्षाने. आणि तिच्या काचेवर दोन चिठ्ठ्या आहेत. एक कंपनीची, छापील किमतीची. शेजारी शोरूमची दुसरी, तिच्यावर लिहिलंय 'बाजार समायोजन'. हे काय म्हणून विचारलं, तर विक्रेता म्हणाला, "सर, माल कमी, मागणी जास्त." त्या समायोजनात माझ्या स्कूलची जुनी गाडी आली असती, जादा ब्रेक धरून. शिवाय रंगाचं कवच, टायरमध्ये नायट्रोजन आणि 'चावी प्रदान सोहळा', तिन्ही सक्तीचे.

छापील किंमत माझ्याजवळ आहे. वरचं काढायचं तर म्हातारपणासाठी ठेवलेल्याला हात लावावा लागेल. तुझा जन्म जुन्या फर्निचरच्या दुकानात गेला. भाव पाडायचा कसा, तेवढं सांग. फोन करू नकोस. फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि मग दोघंही एकदमच रुसतो.

तुझा,
छोट्या


११ फेब्रुवारी

चि. छोट्या,

अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त शिव्या. साठी उलटली तुझी. या वयात माणसं गाडीत चढायला पायरी शोधतात, आणि तू पडायला गाडी शोधतोयस.

आधी डोळ्यांचं. डॉक्टर एक वर्ष म्हणाला ना, मग दोन धर. पहिला सांगितलेला आकडा कधी खरा नसतो, मग तो डॉक्टरचा असो की टेबलाचा. तोही दुकान थाटूनच बसलाय. आणखी एकाला डोळे दाखव, दोन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय कुठलीही गोष्ट पक्की धरायची नाही. आणि थेंब दिले असतील ते वेळेवर घाल.

आता गाडी. तुझी पहिली चूक म्हणजे तू आत जाऊन पडलास. वस्तूला हात लावला की भाव चढतो, तू तर अख्खं अंग टाकून आलास. यापुढे तिच्याकडे बघायचंच नाही. शोरूममध्ये जायचं, छताकडे बघायचं, दिवे किती लावलेत ते मोजायचं आणि उसासा टाकून म्हणायचं, "वीज बरीच जाळता हो." कपडे जुने घाल. तोंड असं ठेव की दात दुखतोय. ते पोरगं काहीही म्हणालं तरी तू म्हणायचं, "असेल." बास.

मग तो म्हणेल, "मॅनेजरना विचारून येतो." त्याला भुलू नकोस. मी स्वतः रोज म्हणते, "मालकांना विचारून येते," आणि कपाटामागे जाते. तिथे मालक नसतात, पाण्याची बाटली असते. दोन घोट पिते, तोंड पाडून बाहेर येते आणि म्हणते, "नाही हो, ऐकतच नाहीत." तेव्हा हे बिचारे मागच्या अंगणात एखाद्या खुर्चीला पॉलिश लावत असतात. त्यांना गिऱ्हाईक आल्याचंही ठाऊक नसतं.

टायरमधल्या हवेचे पैसे देणार असशील तर मला बहीण म्हणू नकोस. जन्मभर मी नुसत्या लाकडाचे पैसे घेतले, त्यातल्या वाळवीचे कधी घेतले नाहीत.

मी यात पडणार नाही. गाडी तुझी, तूच निस्तर.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. कोपरावर विरलेला स्वेटर घालून गेलो. दारातच टायवाला भेटला. टायवाला म्हणजे तो विक्रेता. पोरगा चांगला आहे, पण टाय पोटाच्याही खाली लोंबतो, म्हणून मी हे नाव ठेवलं. मी छताकडे बघत दात दुखल्यासारखं तोंड केलं आणि म्हटलं, "ठीक आहे गाडी." तो म्हणाला, "सर, मागच्या वेळी तुम्ही आत बसून डोळे पुसत होतात." यावर "असेल" म्हटलं, पण ते काही शोभलं नाही.

मग म्हणाला, एक चक्कर मारू. जाताना तो चालवणार, येताना मी. ताई, तिथे माझा घात झाला. त्याने आरशात न बघता गाडी रस्त्यावर काढली आणि माझा पाय आपोआप खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता. मी नुसतं मॅट दाबत बसलो. मग काही मला राहवलं नाही. क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस, वळणाआधी गिअर उतरव, कोपरं आवळू नकोस, समोरचा काय करणार ते त्याच्या चाकाकडे बघून ओळख. असा मी त्याचा पूर्ण वर्ग घेतला. परत आलो तेव्हा तो घामाघूम झाला होता आणि मी गाडी चालवायची राहूनच गेली होती.

पण त्याने मनापासून थँक्यू म्हटलं. मला वाटलं, पोरगा आपल्या बाजूचा झाला. तो काचेच्या केबिनमध्ये मॅनेजरला विचारायला गेला. तू सांगितलं होतंस म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो, पाणी पितो का. पाणी नाही प्याला, खरंच बोलत होते. परत आला तो तोंड पाडून. ताई, समायोजन वाढलं.

कारण ऐक. बाहेरगावच्या कुणा बाईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, तुमची ती हिरवी गाडी म्हणजे निव्वळ पत्रा आहे, त्या रंगाला कुत्रं विचारत नाही, मला फुकट दिलीत तरी ठेवायला जागा नाही, आणि आता शेवटचा भाव काय ते बोला. मॅनेजर म्हणाला म्हणे, "इतकी नावं ठेवणारं गिऱ्हाईक घेतल्याशिवाय राहत नाही." आणि त्याने काचेवरची चिठ्ठी बदलली.

आता बोल. मी इथे स्वेटर घालून दुखरे दात सांभाळतोय आणि कुठली कोण बाई मध्येच येऊन ढवळाढवळ करते. भेटली तर चार शब्द सुनावीन.

तुझा,
छोट्या

ता. क. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.


२६ फेब्रुवारी

चि. छोट्या,

आशीर्वाद. तू त्या पोराला फुकट शिकवलंस. त्याची फी लावून समायोजनातून वजा करायला सांगायचं होतंस. अक्कल कधी येणार तुला?

त्या बाईंबद्दल फार मनावर घेऊ नकोस. मला तरी त्यांचं काही चुकलेलं दिसत नाही. असतात एकेक अनुभवी बायका. त्यांना फक्त बाजाराचा अंदाज घ्यायचा असेल. तो मॅनेजरच कोडगा दिसतो. साधं माणूस दोन वाईट शब्दांत हलतं.

आता असं कर. महिनाभर तिकडे फिरकू नकोस. एकदम दिसेनासा हो. गिऱ्हाईक दिसेनासं झालं की दुकानदाराला झोप लागत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. मागे एक मास्तर गोल टेबलाची चौकशी करून गेले आणि आलेच नाहीत. शेवटी मीच त्यांच्या घरी निरोप धाडला. ते म्हणाले, आम्ही विसरलोच होतो. टेबल अर्ध्यात गेलं.

हे बरे आहेत. गाडीबद्दल रोज विचारतात. परवा म्हणाले, हिरवी म्हणजे नक्की कशी हिरवी? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय.

तू गप्प बस. बाकी बघू.

ताई


२२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. फिरकलो नाही. म्हणजे आत गेलो नाही. समोरच्या फुटपाथवरून रोज जायचो. तिथे एका शिंप्याचं दुकान आहे, त्याच्याकडून आतापर्यंत तीन पँटी आखूड करून घेतल्या. आता चौथीही पोटरीपर्यंत येईल, पण तिथून गाडी छान दिसते.

मग मीही एक शक्कल लढवली. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता बँकेत साहेबीण आहे. तिला म्हटलं, तू जा आणि नुसता भाव काढून ये, बायकांना कमी सांगतील. ती गेली, चक्करही मारून आली. मी शिकवलेली, ताई, फार सुरेख चालवते. गालावर लाली घेऊन परत आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही घेणार नसाल तर मी घेते." तिला समजावता समजावता माझा घसा बसला. तिकडे शोरूमला वाटलं, बँकेची साहेबीणच मागे लागली म्हणजे गाडीत काहीतरी विशेष आहे. समायोजन पुन्हा चढलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या बाईंनी परत दोनदा फोन केले. आणि आता बाहेरगावचेच एक सभ्य गृहस्थ निघालेत. टायवाल्याने मला सगळं सांगितलं. त्यांनी गाडीला नावं ठेवण्यासाठीच फोन केला असावा, कारण मध्येच थांबून कुणाला तरी "आता काय म्हणू?" असं विचारत होते. पण शेवटी म्हणाले, "गाडी फार देखणी आहे हो. कुणा चांगल्या माणसाच्या हातात पडू दे." केबिनमधला मॅनेजर तर हरखलाच आहे. म्हणतो, या गाडीची हवा दूरदूर पसरली.

आता डोळ्यांचं. दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. आकडाही तोच. सांगताना त्यांनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच मला कळलं. आणि परवा शिंप्याकडून निघालो, रस्ता ओलांडत होतो, पायी. उजवीकडून एक सायकलवाली आली ती मला दिसलीच नाही. तिचं हँडल माझ्या कोपराला घासून गेलं. ती मला बोलली. बरोबर होतं तिचं. मी जन्मभर पोरांना सांगत आलो की आधी दोन्हीकडे बघा. मी बघितलं होतं, ताई. बघूनही मला ती दिसली नाही.

मला भीती वाटते. म्हातारपण गेलं खड्ड्यात, तुझं उत्तर आलं की जाऊन सांगतील तो भाव देऊन टाकतो.

तुझा,
छोट्या


२५ मार्च

चि. छोट्या,

हे पत्र मिळाल्याबरोबर खिशातला हात बाहेर काढ. एक छदाम द्यायचा नाही.

इतके दिवस थांबलास, आता चार दिवसांसाठी कच खाऊ नकोस. महिनाअखेर आली. महिनाअखेरीला दुकानदार मऊ होतो, त्याला वर आकडे दाखवायचे असतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी जा. छापील किंमत सांग, वर एक पैसा नाही म्हण, आणि उठून सरळ दाराकडे चालू लाग. मागे बघायचं नाही. दुकानदार दाराशी हाक मारतो. आजवर माझ्या दारातून एक गिऱ्हाईक मी असं जाऊ दिलेलं नाही.

सायकलवाल्या काय, कुणालाही धक्का देतात हल्ली. रस्त्यात लक्ष नसतं त्यांचं. तू उगाच मनाला लावून घेतोस, लहानपणापासूनचीच सवय आहे तुझी. तिसरा डॉक्टर बघ. थेंब घालतोस ना?

ताई


१० एप्रिल

ती. ताईस,

महिनाअखेरीला गेलो. छापील किंमत सांगितली आणि उठलो. दाराकडे चाललो. मागे बघितलं नाही. ते दार आपोआप उघडणारं आहे. जवळ गेलं की उघडतं, पुढे गेलं की मिटतं. कुणी हाक मारली नाही. मी फुटपाथवर बराच वेळ उभा राहिलो, मग बस आली, तिच्यात चढलो.

पुढच्या आठवड्यात सगळे पैसे द्यायचे ठरवून परत गेलो. गाडी नव्हती. तिच्या जागी एक मोठी पांढरी गाडी उभी होती, आठ माणसांची. टायवाल्याने मला बसवलं, चहा पाजला. म्हणाला, आमच्या साहेबांनी फोनचे नंबर तपासले, तर निम्म्याहून जास्त चौकशी एकाच गावातून झालेली. मग तिथे एवढी मागणी आहे तर गाडी तिथल्याच शाखेत पाठवू, असं ठरलं. तुमच्या गावात, ताई. तिथलं समायोजन आणखी वेगळं, इथल्यापेक्षा चढं.

मग त्याने बिचाऱ्याने माझं मन रमवायला त्या बाईंची नक्कल करून दाखवली. "तुमच्या गाडीपेक्षा जास्त लाकूड असलेलं टेबल मी माझ्या दुकानात याच्या शंभराव्या हिश्शात देते." नक्कल छान करतो पोरगा. मी लगेच ओळखलं. आणि तुला ओळखलं म्हटल्यावर सभ्य गृहस्थ कोण, ते विचारायची गरजच नव्हती.

म्हणजे बघ, त्या गाडीला गिऱ्हाईक एकच होतं, मी. बाकीचा सगळा बाजार म्हणजे तू, भाऊजी आणि मीच पाठवलेली साहेबीण. आपणच मागणी केली आणि आपणच भाव चढवला. आधी मला हसू आलं. बसमध्ये बसल्यावर ते गेलं.

मी तुला डोळ्यांचं कळवलं तेव्हा तू म्हणालीस, दोन वर्षं धर. खरं सांगू, मला ते फार गोड वाटलं होतं. मीही मनातल्या मनात दोन धरली. म्हणून तर तू थांब म्हणालीस तेव्हा थांबलो. ते दिवस आता कुणी परत आणून देणार नाही. तू माझ्या डोळ्यांवरही घासाघीस केलीस, ताई. गाडीवर केलीस त्याचा राग नाही.

गाडीचा विषय माझ्यापुरता संपला. काही दिवस पत्र पाठवू नकोस.

छोट्या


२४ एप्रिल

प्रिय मेहुणेबुवा,

नमस्कार. दुकानाच्या मागच्या बाजूला पॉलिशच्या डब्यावर कागद ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नये. तुमची ताई पुढे एका गिऱ्हाइकाशी वाद घालते आहे, म्हणजे मला बराच वेळ आहे. तुम्ही पत्र नको म्हणालात, पण ते तिला. मला कुणी काही म्हणालेलं नाही.

ते सभ्य गृहस्थ मीच. मला गाडीला नावं ठेवायला बसवलं होतं. समोर कागदावर लिहूनही दिली होती. पण त्या पोराने इतक्या प्रेमाने वर्णन केलं की माझ्याच्याने होईना.

तुमचं पत्र आलं तेव्हा ती दुकानात होती. वाचून तिने घडी केली आणि एका बाईला शिसवी आरसा त्या म्हणाल्या त्या भावात देऊन टाकला. मी तेव्हाच हातातला ब्रश खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, चला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. मला वाटलं, माझ्या चष्म्याचं असेल. आत गेल्यावर कळलं, तुमच्यासाठी. तुम्ही तिथे नाही, कागद नाहीत, काही नाही, आणि ही त्या डॉक्टरांना विचारते, काचबिंदूत गेलेलं परत येतं का. ते म्हणाले, नाही. ही म्हणाली, थोडंतरी? ते म्हणाले, गेलेलं नाही येत, उरलेलं जपता येतं. ही म्हणाली, ऑपरेशन करून? परदेशातले थेंब आणून? पैशाचं बघू नका, काय ते सांगा. त्यांनी तिला सगळं नीट समजावलं, पण उत्तर तेच. मग ती आणखी काही विचारेल म्हणून आम्ही दोघं वाट बघत राहिलो. ती "बरं" म्हणाली आणि उठली.

इतक्या वर्षांच्या संसारात ती कुणी सांगितलेला भाव मुकाट्याने ऐकून बाहेर पडल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाहेर बाकावर बसून रडली. म्हणाली, मी त्याला दोन धर म्हटलं हो, आणि तो धरून बसला. मी पाठीवर हात ठेवला.

तिथून आम्ही सरळ शोरूममध्ये गेलो. गाडी आलेली होती. हिरवी म्हणजे कशी हिरवी, ते मला आता कळलं. तिथला विक्रेता वयाने मोठा, मुरलेला. त्याने भाव सांगितला, समायोजनासकट, कवचासकट, हवेसकट. तुमची ताई काही बोलली नाही. तिचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येऊ दिला नाही. तो माणूस गोंधळला. कुणी हूं का चूं न करता भाव ऐकून घेतो, हे त्याच्या अंगवळणी नव्हतं. त्याला वाटलं, आपण फारच सांगितलं. "साहेबांना विचारून येतो," म्हणून गेला आणि येऊन म्हणाला, "हवेचे पैसे सोडतो, मॅडम." ही म्हणाली, "काही सोडू नका. आहे तेवढंच लिहा."

बाहेर आल्यावर मी विचारलं, अगं, तो स्वतःहून सोडत होता. म्हणाली, "मी एकदा सुरू केलं की मला थांबता येत नाही. परत गाडी गेली असती."

समायोजन आणि वरचं सगळं तिने भरलं. दुकानाचं छप्पर बदलायला पैसे ठेवले होते, त्यातून. छप्पर अजून दोन पावसाळे काढेल, मी डांबर लावतो.

तुम्ही तिच्यावर रागवा, हक्क आहे तुमचा. पण इकडे येऊन रागवा.

तुमचा,
भाऊजी


२६ एप्रिल

चि. छोट्या,

ह्यांनी तुला पत्र लिहिलंय हे मला ठाऊक आहे. पॉलिशला निघालेला माणूस हातात ब्रश घेऊन टपालपेटीकडे जात नसतो. काय काय लिहिलं ते मी विचारलं नाही. जास्तीचं लिहिलं असेल तर सोडून दे.

गाडी तुझ्या नावाने धरून ठेवली आहे. छापील किंमत तू भर. वरचं मी भरलंय, कारण ते मीच चढवलं होतं. परत करायची भाषा केलीस तर गाडीत अंडी कुजत ठेवीन. म्हातारपणासाठी ठेवलेल्याला हात लावायचा नाही. चावी प्रदान सोहळ्याचेही पैसे घेतलेत त्यांनी, तेव्हा सोहळा होणार. मी त्यांना खुर्च्या मांडायला सांगितलंय, आणि ह्यांना इस्त्रीचा शर्ट काढायला. तू नीट कपडे करून ये. तो विरलेला स्वेटर आणलास तर मी ओळख दाखवणार नाही. पँटीही बघून घाल.

तू लिहिलंस ते खरं आहे. मी दोन धर म्हणाले, कारण मला एक सहन झालं नाही. तुझं काही जायला लागलं की मला आधी भांडावंसंच वाटतं. डॉक्टरशी भांडून काही मिळत नाही, हे मी जाऊन बघितलं. वर्ष म्हणालेत तर वर्ष. ते ज्या दिवशी पुरे म्हणतील त्या दिवशी चावी माझ्या हातात द्यायची, त्यावर एक शब्द बोलायचा नाही. मग ती गाडी मी विकीन. विकताना कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, आणि ह्यांना तर फोनच्या जवळही येऊ द्यायचं नाही.

तोवर रविवारी माझं दुकान बंद असतं. तू सकाळी उजाडल्यावर निघत जा, मी तयार असेन. दोन सीटा आहेत म्हणतोस, तर शेजारच्या सीटवर मी बसणार. त्या बाजूला ब्रेक नाही हे मला माहीत आहे. गाडीतलं मला काही कळत नाही, पण कडेचं सगळं लख्ख दिसतं, आणि मी ओरडले की माणूस जागच्या जागी थांबतो.

लवकर ये.

ताई